मामाच्या वाट्याचं डोकं

गुरांचा तळ
३ फेब्रुवारी

ओनालेन्ना,

हे पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. माफी मागायला लिहीत नाही. तुझ्या नवऱ्याला, पाकोला, मी चाबकाने फोडला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि परत तशी वेळ आली तर परत मोडीन. सेगो झाली म्हणून बैल कापलात. बैलाचं डोकं मामाचं असतं. तुला भाऊ नाही, म्हणजे तुझाही मामा मी आणि तुझ्या लेकीचाही मीच. आणि तुझ्या नवऱ्याने ते डोकं उचलून स्वतःच्या साहेबाच्या गाडीत ठेवलं. बढतीसाठी. सगळ्या पाहुण्यांसमोर. मी चाबूक काढला. तू म्हणालीस, "मामा, पुन्हा या घरात तोंड दाखवू नका." नाही दाखवलं. विषय संपला.

आता कामाचं. टिरो आज गुरं न्यायला ट्रक घेऊन आला होता. तोच हे पत्र आणील. तो म्हणाला, तुला कत्तलखान्याच्या शेडची मुकादम केलं. दात काढून हसत होता. "म्हाताऱ्या, तुझी भाची आता मोदिसेला हुकूम सोडणार!" मी म्हटलं, "दात फार दिसतायत. कमी करू का?"

त्या शेडमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं, मुकादमकीतच गेलं, म्हणून सांगतो. तू कॉलेजात मांसाचं काय काय शिकलीस ते मला कळत नाही. मी चौथी नापास. पण तिथे तीस माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या हातात सुरी आहे, एवढं मला कळतं. तुझ्या हातात काय असणार? वही?

पहिल्या महिन्यात एकही नवा नियम काढू नकोस. ऑफिसात जेवू नकोस, त्यांच्यात बसून आंबील पी. कुणाचा हात कसा चालतो ते बघ. आणि सुऱ्यांना हात लावू नकोस. सुरी ज्याची त्याची असते. तो ती घरी नेतो, स्वतः परजतो, बायकोलाही कांदा कापू देत नाही. कुणाला सुरी द्यायचीच झाली तर फळीवर ठेवायची, त्याने उचलायची. हातातून हातात सुरी दिली की भांडण दिलं. हे तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण शिकलेली माणसं माहीत असलेलंच आधी विसरतात.

मोदिसेपासून सावध राहा. त्याला ही जागा हवी होती. खिळ्याची बंदूक त्याच्याकडे असते, जनावराच्या कपाळावर पहिला घाव त्याचा. हात देवाचा आहे, तोंड गटाराचं. तो म्हणेल, कळप गायीच्या मागे गेला की घळीत पडतो. म्हणू दे. म्हण ऐकून कुणी मरत नाही. पण नुसतं बोलून तो थांबायचा नाही. काही केलं की त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, त्याचे दात पाड. उद्यावर टाकू नकोस. मी पहिल्या आठवड्यात एकाचे पाडले होते. वर्षभर कुणी आवाज काढला नाही. मग कुणीतरी वरून लोखंडी आकडा सोडला आणि माझा पाय गेला, ते वेगळं.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. वाचलंस तरी बास.

गाओलाथे मामा


गुरांचा तळ
२७ फेब्रुवारी

ओनालेन्ना,

तू वेडी झालीस का?

टिरोने सांगितलं ते मी दोनदा वदवून घेतलं, कारण माझा विश्वास बसेना. केनोसी, तो आतडी काढणारा गरीब पोरगा, जेवणाच्या सुट्टीत तुझ्याबद्दल बोलताना "म्मा" म्हणाला. आईला म्हणतात तसं. बाकी सगळे तुला "मॅडम" म्हणतात, आणि कसं म्हणतात तेही टिरोने करून दाखवलं, नाकातून. मोदिसे केनोसीला म्हणाला, "तुझी आई का ती? मग कान धरू दे की तिला." आणि सुरी फिरवली. कान आंबिलीच्या ताटात पडला. केनोसी ताट घेऊन बसलेलाच, त्याला कळायलाही वेळ लागला. बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "मीठ घाल."

इथवर ठीक. म्हणजे ठीक नाही, पण शेडमध्ये असं होतं. आता तुझं काम होतं. मोदिसे समोर उभा होता, हातात ओली सुरी घेऊन. तू काय केलंस? पोलीस नाही बोलावले. त्याला हाकललं नाही. त्याच्या थोबाडीतही मारली नाहीस. तू एक लोखंडी पेटी आणलीस, सगळ्यांच्या सुऱ्या गोळा केल्यास, कुलूप घातलंस आणि किल्ली खिशात टाकलीस. आता कंपनीच्या निळ्या मुठीच्या सुऱ्या. सकाळी मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या.

कान एकाने कापला आणि हात तू तिसांचे कापलेस.

सगळ्या वयाची माणसं आहेत तिथे. काहींकडे बापाची सुरी आहे, घासून घासून गवताच्या पात्याएवढी झालेली. ती तू पेटीत टाकलीस, खडखड आवाज करत. टिरो म्हणतो, तेव्हा कुणी काही बोललं नाही. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. आपल्याकडे खरी मोठी लढाई तोंडाची असते. तोंड मिटलं की समज हात बोलणार.

केनोसी कानाला फडकं बांधून दुसऱ्या दिवशी कामावर आला आणि निळी सुरी घ्यायला रांगेत पहिला उभा राहिला, असंही टिरो म्हणाला. तुझ्या बाजूने तो एकटाच आहे. त्याला सांभाळ.

पेटी उघड. ज्याची त्याला दे. आणि मोदिसेचे दात, मी सांगितलं होतं ते. अजून उशीर झालेला नाही.

मामा

ता. क. सेगोला दात आले असतील. मला कुणी सांगितलं नाही.


गुरांचा तळ
६ एप्रिल

ओनालेन्ना,

टिरो तिथेच होता, मागच्या दाराशी गुरं उतरवत होता. तो इथे आला तर त्याच्या बुटावर अजून रक्त होतं. मी त्याला पाणी दिलं, त्याने प्यायलं नाही. त्याने सांगितलं ते लिहितो. चुकत असेन तर सांग.

मोठा तांबडा बैल होता. मोदिसेने बंदूक कपाळाला लावली, आवाज झाला, बैल गुडघ्यावर आला. मागच्या पायाला साखळी लावून वर ओढायला लागले. अर्ध्यात बैलाने डोळे उघडले. लाथ मारली, साखळी निसटली, डोक्यावर सिमेंटवर आपटला आणि उठला. बंद शेडमध्ये, रक्ताच्या घसरड्यात, अर्धवट शुद्धीतला बैल. पहिल्या धडकेत त्याने टेबल उलटं केलं, दुसऱ्या धडकेत लोखंडी दार वाकवलं.

तू ओरडलीस, "नरडं कापा!"

कुणी हललं नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मोदिसे म्हणाला, "कशाने कापू, मॅडम? आमच्या सुऱ्या तुमच्या पेटीत आहेत." आणि दोघंतिघं हसले. टिरो म्हणतो, बैल डुरकत होता त्या आवाजातही ते हसणं ऐकू आलं.

तू परत ओरडलीस. तेव्हा केनोसी पुढे झाला. एका कानाचा केनोसी, निळी सुरी घेऊन. त्याने बैलाच्या मानेत सुरी घातली. ती वाकली. बैलाने त्याला उचलला, भिंतीपर्यंत नेला, दाबला, आणि शिंग वर ओढलं. पोटापासून छातीपर्यंत. केनोसी रोज जे काम करायचा तेच बैलाने त्याचं केलं.

मग मात्र सगळे धावले. आकडे, साखळ्या, हातोडे, हाताला येईल ते. बैल ठेचून मारला. तो मेल्यावरही मारत राहिले. टिरो म्हणतो, एकजण रडत रडत मारत होता. आणि तू केनोसीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस.

मी या पत्रात तुला शिव्या देणार होतो. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या.

एकच विचारतो. मोदिसेचा हात चुकत नाही. कपाळावरची ती जागा त्याला डोळे बांधले तरी सापडते. बैल उठला कसा?

मामा


गुरांचा तळ
८ एप्रिल

ओनालेन्ना,

तुझी चिठ्ठी मिळाली. वर्षभरात पहिली. "मामा, राजीनामा लिहून ठेवला आहे. केनोसीची माती झाली की देणार. तुम्ही यात पडू नका."

बरं. दे. राजीनामा म्हणजे काय, कागद. तू गेलीस की संध्याकाळपर्यंत मोदिसे मुकादम होईल, आणि केनोसी कशासाठी मेला ते कुणीच विचारणार नाही. तो तुझ्या शब्दावर पुढे गेला होता. तो शब्द टाकून तू घरी जाऊन बस. पाको चहा करून देईल.

पण त्याआधी एक बघ. शनिवारी पहाटे पुरणार, म्हणजे शुक्रवारी दुपारी केनोसीच्या घरी, गुरांच्या वाडग्यात बैल कापणार. सगळी शेड तिथे असेल. दुसऱ्याच्या मातीला बैल कापायला ते जन्मभर जात आलेत, स्वतःची सुरी कमरेला लावून. या वेळी कशाने कापणार? शेजारणींकडून भाजीच्या सुऱ्या मागून? केनोसीच्या आईसमोर?

पेटी घेऊन जा. वाडग्याच्या आत पाय टाकू नकोस, तिथे बायका जात नाहीत, उगाच दुसरं भांडण नको. दाराशी पेटी ठेव, उघड, मागे हो. ज्याची तो उचलेल. हातात देऊ नकोस.

मोदिसेला मी बघून घेतो म्हणालो असतो, पण माझा पाय चालत नाही आणि तू बोलावलं नाहीस.

मामा


गुरांचा तळ
१३ एप्रिल

ओनालेन्ना,

तू मला पाहिलं नाहीस. मी आलो होतो. टिरोच्या ट्रकमध्ये बसून होतो, वाडग्याच्या काटेरी कुंपणाला लागून. उतरलो नाही. तोंड दाखवू नका म्हणाली होतीस.

लोक आता भलतंच सांगतायत. काल पंपावर एकजण सांगत होता, तू वाडग्यात शिरलीस आणि बैल शिंगांनी धरलास. मी त्याला म्हटलं, "गाढवा, बैल दाव्याला बांधलेला होता." म्हणून मी पाहिलं तसं लिहून ठेवतो. सेगो मोठी झाली की तिला वाचून दाखव. तुला यातलं किती आठवतं मला माहीत नाही, तुझं रक्त फार गेलं.

आत माणसं उभी होती, हातात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन. एकाच्या हातात तर पावाची होती, दाते असलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. केनोसीचा थोरला भाऊ कुऱ्हाडीच्या दांड्यावर रेलून उभा होता. तू आलीस. अंगावर शाल, डोक्यावर पेटी. दाराशी उतरवलीस, कुलूप काढलंस. मी मनात म्हटलं, शाब्बास, आता मागे हो.

तू मागे झाली नाहीस. पहिली सुरी काढलीस, पात्याकडून धरलीस, मूठ पुढे केलीस आणि हाक मारलीस. मी ट्रकमध्ये बसून तुला शिवी दिली. टिरो म्हणाला, "म्हाताऱ्या, ऐकू जाईल." म्हटलं, जाऊ दे.

पहिला तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला, गवताच्या पात्यासारखी सुरी ज्याची. तू म्हणालीस, "ही मी कोंडली होती. चूक माझी." एवढंच. रडली नाहीस, लांबण लावलं नाहीस. त्याने हात पुढे केला आणि थांबला. कारण धार तुझ्या मुठीत होती. तो जोरात ओढता तर तू कापली जातीस. मग त्याने हळू, अंड्यावरून कोंबडी उचलावी तशी सुरी घेतली. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकाला तेच वाक्य. आणि एकेक आडदांड माणूस तुझ्यासमोर येऊन हळू होत होता. मी मुकादम असताना माझ्यासमोर माणसं घाबरायची. हळू कधी झाली नाहीत.

मोदिसे आतच बसलेला. म्हणाला, "मॅडम, आत या की. बैलाला घाबरता का वाडग्याला?"

तू म्हणालीस, "मी इथेच बरी. तू ये. तुझीच राहिली आहे."

तो आला. मूठ धरली. तू सोडली नाहीस. दुसरा हात उघडलास. लांबून मला दिसलं नाही, टिरोला दिसलं. बंदुकीच्या गोळीचं रिकामं टोपण होतं, हिरवं. बैलाला लाल गोळी लागते. हिरवी वासरासाठी असते, तिच्यात दारू कमी, खिळा खोल जात नाही, बैल नुसता गुंगतो.

"हे तुझ्या पायाशी सापडलं. त्या दिवशी बैल होता का वासरू?"

मोदिसेने मूठ ओढली. जोरात नाही, पण ओढली. तुझ्या बोटांमधून रक्त आलं. तू सोडली नाहीस.

"मॅडम, सोडा."

"विचारलं ते सांग."

"सोडा म्हणतो. बोटं जातील."

"जाऊ देत. हा हात गेला तर दुसऱ्याने धरीन. बैल का वासरू?"

त्याने परत ओढली. रक्त कोपरापर्यंत आलं, शालीवर गळायला लागलं. मी ट्रकचं दार उघडलं होतं. टिरोने मला धरून ठेवलं, नाहीतर मी त्या लंगड्या पायाने कुंपणात पडलो असतो.

मोदिसे तुझ्या हाताकडे बघत होता. आयुष्यभर रक्त बघितलेला माणूस, तोंड पांढरं पडलं. मग बोलला. "मला तो नुसता धडपडायला हवा होता. तुम्ही किंचाळत पळाल, चार जण हसतील. बास. मारायचं नव्हतं कुणाला. हा केनोसी कशाला मधे आला? कुणी सांगितलं होतं त्याला?"

तू म्हणालीस, "मी सांगितलं होतं. तो ऐकत होता."

मग तू सुरी सोडलीस. सुरी मोदिसेच्या हातात राहिली आणि त्याला कळेना तिचं काय करायचं.

केनोसीचा भाऊ पुढे झाला. त्याने कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी फिरवला. पहिला घाव गुडघ्यावर. मी ट्रकमध्ये ऐकला, वाळलेलं लाकूड मोडावं तसा. दुसरा तोंडावर. जबडा एका बाजूला गेला. मोदिसे बैलाच्या पायाशी शेणात पडला, बैल बिचकून दाव्याला हिसके देऊ लागला, आणि सगळी शेड पुढे सरकली. तीस माणसं, आणि आता प्रत्येकाच्या हातात स्वतःची सुरी, तूच दिलेली. मी पुष्कळ गुरं कापताना पाहिली आहेत. माणसं कापायला निघतात तेव्हा त्यांचे डोळे तसे नसतात. वेगळे असतात. मला वाटलं, संपला मोदिसे. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

तू म्हणालीस, "सुऱ्या खाली."

ओरडली नाहीस. तुझ्यात ओरडायची ताकद नव्हती. दाराच्या खांबाला टेकून उभी होतीस, हात शालीत गुंडाळलेला.

आधी म्हाताऱ्याने ठेवली. जमिनीवर, पातं स्वतःकडे करून. मग शेजारच्याने. मग एकामागून एक, आणि शेणात पडल्यामुळे आवाजही येत नव्हता. शेवटी भाऊच राहिला, दांडा डोक्यावर उचलून. तू त्याला म्हणालीस, "दादा, उद्या एक खड्डा आहे. आज दुसरा कोण खणणार? मला खणता येणार नाही, हात बघा माझा."

तो तसाच उभा राहिला. मग दांडा टाकला आणि कुंपण धरून ओरडायला लागला. शब्द नव्हते त्यात.

त्या दिवशी शेडमध्ये तू जिवाच्या आकांताने ओरडलीस तेव्हा हललं कोण, तर जो मेला तो एकटा. परवा तू खालच्या आवाजात बोललीस आणि तीस सुऱ्या जमिनीला लागल्या. हे कसं झालं मला नीट सांगता येत नाही. मी असतो तर मोदिसेचे दात पाडले असते, मग भावाने त्याला मारला असता, मग पोलिसांनी भावाला नेलं असतं. तू दात पाडले नाहीस. मी चुकलो असं मी म्हणत नाही.

म्हातारा म्हणाला, "लेकराची आई सुरी धारेकडून धरते." दोघंतिघं "म्मासेगो, म्मासेगो" करायला लागले. सेगोची आई. आता सुचलं त्यांना तुझं नाव. लोकांना अशा वेळी म्हणी फार सुचतात. हात बांधायला फडकं आणायला मात्र कुणी हललं नाही, टिरो सोडून. त्याने त्याचा शर्ट फाडला. नवा होता, दोन दिवस ऐकवतोय.

पोलीस आले, मोदिसेला पत्र्यावर घालून नेलं. मग बैल कापला. भावाने कापला, शेडची माणसं होती मदतीला. मांस रात्रभर शिजवून कुटलं. पहाटे केनोसीला पुरलं. मी मातीला होतो, मागे.

कागद दिलास का, ते मी विचारत नाही.

मामा


गुरांचा तळ
१९ जून

ओनालेन्ना,

आज दुपारी ट्रकचा आवाज आला म्हणून मी गुरं मोजायला उठलो. टिरो उतरला नाही. दुसराच उतरला, खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यातून रक्त गळत होतं, पाठ भिजली होती. डावा खांदा अजून खाली आहे त्याचा. तो मी केला.

माझा चाबूक दाराशीच अडकवलेला होता. त्याने बघितला. मी बघितला. चालत आला.

"मामा, ओनालेन्नाने बैल कापला. स्वतःच्या पगाराचा. शेडच्या सगळ्यांना जेवण घातलं. छातीचं मांस केनोसीच्या आईला गेलं." आणि पोतं माझ्या पायाशी ठेवलं. हातात दिलं नाही. शिकलाय.

मी पोत्यात बघितलं. चांगला बैल होता. कपाळावर एकच भोक, बरोबर जागेवर.

"कुणी पाडला?"

"तिने. उजव्या हाताला चाप ओढता येत नाही. डाव्याने."

"साहेबाला काय दिलंस या वेळी?"

"शेपूट."

मला हसायचं नव्हतं. टिरो ट्रकमधून बघत होता, त्याने मला हसताना बघितलं, आता सगळ्या तळांवर सांगत फिरेल.

डोकं शिजायला वेळ घेतं. तेवढा वेळ पाको स्टुलावर बसून होता. तो म्हणाला, आता सुऱ्या ज्याच्या त्याच्या घरी जातात, पेटीत तू बंदुकीच्या गोळ्या ठेवतेस, आणि रोज सकाळी लाल का हिरवी ते तू स्वतः बघून देतेस. म्हणजे पेटी ठेवलीस. मला वाटलं होतं फेकली असशील. ठीक आहे. कुलूप चुकीचं नव्हतं, आत घातलं ते चुकीचं होतं. कागदाचं काय केलंस तेही त्याने सांगितलं. चुलीत. कोरडा कागद चांगला पेटतो.

डोकं उतरवल्यावर जीभ मी सोलली. मधोमध कापली. अर्धी माझ्या ताटात घेतली, अर्धी फळीवर ठेवली, आणि सुरी तिच्याशेजारी ठेवली. त्याने सुरी उचलली, आपली जीभ बारीक चिरली, सुरी परत होती तिथे ठेवली, पातं स्वतःकडे. मग आम्ही जेवलो.

तुझी दोन बोटं वाकत नाहीत म्हणाला. वाकणार नाहीत. नस गेली की गेली, डॉक्टरच्या मागे पैसे घालू नकोस. डावा हात घट्ट कर.

शिंगांसकट कवटी दाराशी लावली आहे, सेगोच्या डोळ्याला येईल एवढ्या उंचीवर. उंची अंदाजाने धरली. येऊन बघ, चुकली असेल तर हलवीन.

तुझा
गाओलाथे मामा